मालदीव, गेस्टहाऊस आणि दीड लाख: जमेल का?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीचे. मी, नवरा आणि नऊ वर्षांची मुलगी. लग्नाला बारा वर्षं होतायत, म्हणून एकदा तरी ते निळं पाणी बघायचं असं ठरवलंय. रिसॉर्टचे आकडे बघितले आणि लॅपटॉप मिटला. मग कळलं की मालदीवच्या गावांतल्या साध्या गेस्टहाऊसात पण राहता येतं. विमान धरून दीड लाख, पाच रात्री, मे महिन्याची सुट्टी. हे जमेल का? कुठलं बेट घ्यावं? मी शाकाहारी आहे, बाकी दोघं काहीही खातात. आणि सगळीकडे 'बिकिनी बीच' असं वाचतेय, त्याचं जरा टेन्शन आलंय. आम्ही सलवार-कुर्त्यात पोहणारी माणसं.

आडवाट
दीड लाखात अंदमान दोनदा होईल. नाहीतर देवबागला जा, तिथंही समुद्र खारटच आहे. शिवाय मालदीवच्या गावात बिअरसुद्धा मिळत नाही म्हणे. मग जायचं कशाला?

देवगडकर
आडवाट, बिअरचं खरं आहे. लोकवस्तीच्या बेटांवर दारूबंदी आहे आणि बाहेरून बाटली नेताही येत नाही. रिसॉर्टवर मिळते, किंवा दूर पाण्यात नांगरलेल्या बोटीवर. आमच्या मंडळींना हाच त्या देशाचा सगळ्यात मोठा गुण वाटला.

ताई, जमेल. आम्ही दोघं गेल्या नोव्हेंबरात जाऊन आलो. पाच रात्रींचा विमान सोडून खर्च साधारण 57 हजार, दोघांचा. पण त्यातले काही हजार माझ्या गाढवपणाचे आहेत, ते आधी सांगतो.

मी मास्तर माणूस. महिनाभर खोल्यांचे फोटो बघत बसलो, होडीचं वेळापत्रक मात्र बघितलं नाही. विमान गुरुवारी संध्याकाळी उतरलं. सरकारी फेरीबोट दुपारीच निघून गेलेली. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, फेरीला सुट्टी. म्हणजे विमानतळाजवळच्या हुलहुमाले बेटावर एक रात्र खोलीभाडं, आणि शुक्रवारी नमाजानंतर स्पीडबोटीला माणशी 25 डॉलर. फेरीला तीन डॉलरसुद्धा लागले नसते. खोलीत घासाघीस करून मी रात्रीचे चार डॉलर वाचवले होते, त्यावर बायको अजून हसते. तेव्हा आधी होडी बघा, तिच्यावरून बेट ठरवा, खोली सगळ्यात शेवटी. विमान सकाळी उतरणारं घ्या आणि वार शनिवार ते बुधवार यातला ठेवा.

बेट म्हणाल तर सगळे माफुशीला जातात. 2009 नंतर सरकारने गावांत गेस्टहाऊसला परवानगी दिली. त्याआधी पर्यटक रिसॉर्टच्या बेटांवर आणि गावकरी आपल्या, असा मामला होता. परवानगी मिळाल्यावर सगळ्यात जास्त धंदा माफुशीने केला. आता तिथं इमारतीला इमारत लागलीय. बेटाच्या एका टोकाला देशाचा तुरुंग आहे, हे जाहिरातीत लिहीत नाहीत! आम्ही त्याच्या अलीकडच्या गुल्हीला चार रात्री राहिलो. राजधानी मालेहून माफुशीला जाणारी फेरी वाटेत गुल्हीला थांबते. बेट एवढंसं की जेवून शतपावली घालायला निघालो तर गावच संपलं. एका बाजूला होड्या बांधायचा कारखाना, दुसऱ्या बाजूला पर्यटकांचा किनारा. बिकिनी बीच म्हणजे एवढंच, की तिथं तसे कपडे चालतात. सक्ती नाही! गावात फिरताना मात्र खांदे-गुडघे झाकायचे. तुमचा सलवार-कुर्ता दोन्हीकडे चालेल.

खोली नाश्त्यासकट 48 डॉलर. त्यावर 10 टक्के सर्व्हिस चार्ज, 17 टक्के पर्यटन जीएसटी, आणि वेगळा ग्रीन टॅक्स: पन्नासपर्यंत खोल्यांच्या गेस्टहाऊसला माणशी रात्रीचे 6 डॉलर. 2025 च्या जानेवारीत तो दुप्पट झाला, त्यामुळे जुने ब्लॉग वाचाल तर 3 दिसेल. मुलीलाही लागणार, सूट फक्त दोन वर्षांखालच्या बाळांना. तुम्ही तिघं, पाच रात्री, म्हणजे 90 डॉलर, आठ हजारांच्या आसपास. बुकिंगच्या साईटवर हा आकडा बारीक अक्षरात असतो नाहीतर नसतोच. मालकाला लिहूनच विचारा: 'सगळं धरून किती?'

आता जेवण. पहिल्या सकाळी जाग आली ती खर्र खर्र आवाजाने. खाली मालकाची सासू एका बुटक्या लाकडी बैठकीवर बसून नारळ खवत होती. पुढे लोखंडी दाते, अगदी आमची विळीची खवणी. त्या बैठकीला हुनिगोंडि म्हणतात. खवलेल्या खोबऱ्यात कांदा, मिरची, लिंबू हाताने चुरून त्यात शिजवलेला कुपा, म्हणजे ट्यूना मासा, कुस्करायचा. हे मस हुनी. हुनी म्हणजे खवलेलं खोबरं आणि मस म्हणजे मासा! सोबत रोशी, म्हणजे पातळ चपाती. मी चार दिवस दुसरं काही मागितलं नाही. बायको सोमवार-गुरुवार पाळते. सोमवारी तिने 'नो फिश' सांगितलं, तर म्हातारीने मान डोलावली आणि आमच्या देखत बटाट्याच्या रश्शात सुक्या कुप्याचे दोन तुकडे टाकले. चवीला. सुका मासा हा मासा नाहीच, ते मीठ-मसाल्यासारखं, असं तिचं मत. आमच्याकडेही सुकटीबद्दल काही घरांत हेच मत आहे, त्यामुळे रागावता आलं नाही. बायकोने त्या दिवशी दाण्याच्या लाडवांवर काढली.

समुद्राबद्दल काय लिहू. अर्ध्या दिवसाच्या स्नॉर्कलिंगला माणशी 30 डॉलर दिले, कासव दिसलं, पैसे वसूल. बाकी वेळ किनाऱ्यावरच्या जोलीत पडून होतो. पाइपची चौकट आणि दोरीची जाळी विणलेली बैठक, आपली झोळीच म्हणा. संध्याकाळी गावची माणसं त्यात बसून गप्पा मारतात. एका आजोबांनी मला आकडे शिकवले: एके, दे, तिने, हतरे… तिनेपर्यंत मीच पुढे सांगत होतो, हतरेला अडकलो.

माले_रिटर्न
देवगडकर काका, मस्त लिहिलंय. मी मालेजवळच्या एका शाळेत दोन वर्षं शिकवत होते, म्हणून थोडी भर.

ताई, मे महिन्याचं परत बघा. तिथला नैऋत्य मोसमी पाऊस मेपासून सुरू होतो. रोज धो धो पडेल असं नाही, चार-चार दिवस लख्ख ऊनही पडतं, आणि खोल्या स्वस्त मिळतात. पण दर्या खवळला की फेरी रद्द. परतीचं विमान ज्या दिवशी आहे त्याच सकाळच्या फेरीवर मे महिन्यात अजिबात विसंबू नका. आदली रात्र माले किंवा हुलहुमालेत काढा. विमानतळावरून दोन्हीकडे बस जाते, 2018 साली पूल झाल्यापासून होडी लागत नाही. शाळेचं जमत असेल तर एप्रिलचा शेवट उत्तम. रमझानात जाणार असाल तर गावातली हॉटेलं दिवसा बंद असतात, तेवढं लक्षात ठेवा.

व्हिसा उतरल्यावर फुकट मिळतो. त्याआधी, निघायच्या 96 तासांच्या आत, 'इमुगा' नावाचा सरकारी फॉर्म ऑनलाइन भरायचा. तोही फुकट. पैसे मागणारी साईट दिसली तर ती दुसरीच कुणाची तरी आहे.

आणि पर्समधला गणपती घरी ठेवा. पूजेच्या मूर्ती त्या देशात नेता येत नाहीत. आपल्याकडच्या बायकांना हे कुणी सांगत नाही आणि मग कस्टममध्ये रडारड होते.

शाकाहाराचं: कांदे-बटाटे भारतातूनच जातात, त्यामुळे ते कुठेही मिळतील. हिरवी भाजी मात्र महाग आणि शिळी. फळं हवी असतील तर तोड्डूला जा, कलिंगड आणि पपईची शेती आहे. पण ते बेट लांब, स्पीडबोटीचं भाडं जास्त. काकांचाच नियम: आधी होडी.

आडवाट
कासव कितपत जवळून दिसलं?

देवगडकर
माझ्या हातापासून दोन हातांवर. गवत खात होतं, आमच्या म्हशीसारखं. वर श्वास घ्यायला आलं तेव्हा नाक वाजलं तेही ऐकू आलं. देवबागला हे दिसलं तर मला कळवा, मी येतो.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे खूप आभार. नवऱ्याला दोन्ही प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले. 25 एप्रिलला, शनिवारी, सकाळी उतरणारं विमान बघतोय, गुल्हीत चार रात्री आणि शेवटची हुलहुमालेत. गणपती घरी. एकच शंका राहिली. मासा न घातलेलं ते खोबरं-कांदा-मिरची मला मिळेल का? वाचूनच तोंडाला पाणी सुटलंय.

देवगडकर
मिळेल. फक्त कालवताना शेजारी उभ्या राहा.