मोठा बगळा की मध्यम?
मोठा आणि मध्यम बगळा चोचीच्या रंगावरून ओळखावा, हे काही पटलं नाही. विणीच्या हंगामात दोघांचीही पिवळी चोच काळी पडते. आकाराचंही तसंच; शेजारी दुसरा पक्षी नसला की एकटा मध्यम बगळाही मोठाच भासतो. मी तोंडाची रेघ बघतो. चोचीच्या कोपऱ्यातून निघणारी ही बारीक काळसर रेघ मोठ्या बगळ्यात डोळ्याच्या मागे जाते, मध्यम बगळ्यात डोळ्याखालीच थांबते. दुर्बिणीतून पटकन सापडत नाही, फोटो मोठा करून पाहिला की कळतं. लहान बगळ्याचं त्यामानाने सोपं: काळी चोच, काळे पाय, पिवळे पंजे. फक्त स्वारी चिखलात उभी असली की पंजेच दिसत नाहीत! मग ती उडेपर्यंत ताटकळायचं.