मदत हवी आहे: ह्युमिडिटी कमी केली की एक क्रिस्टल सुधारतो, बाकीचे तडकतात

मंडळी, दोन महिने एकाच प्रोटीनवर अडकलेय. क्रिस्टल दिसायला देखणे, कडा अगदी धारदार, पण एक्स-रे बीमवर ठेवले की ७ अँगस्ट्रॉमच्या (आकडा जितका लहान तितका तपशील बारीक) पुढे विवर्तनाचा ठिपकाच नाही. क्रिस्टलमध्ये सॉल्व्हंट (पाणी वगैरे द्रव) ७० टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे रेणू एकमेकांना धड टेकलेलेच नसणार. गोठवल्यामुळे होतंय का म्हणून न गोठवताही शॉट (एक्स-रे चित्रं) घेतले, तिथेही तेच.

मग ह्युमिडिटी कंट्रोलवर हळूहळू पाणी काढायला घेतलं. द्रावणात पेग (क्रिस्टल वाढवायला घातलेलं पॉलिमर) आहे म्हणून अंदाजाने ९९ टक्क्यांपासून सुरू केलं, दर ५ मिनिटांनी १ टक्का खाली आणि प्रत्येक पायरीवर शॉट. ९५ला पहिल्या क्रिस्टलने चक्क ४ अँगस्ट्रॉमपर्यंत ठिपके दिले, युनिट सेलची (क्रिस्टलमध्ये पुन्हा पुन्हा येणाऱ्या लहानशा घटकाची) लांब बाजूही आखडली, मला इतका आनंद झाला की काय सांगू! पण पुढच्या तिघांचे ठिपके लांबट होऊन पसरले, मोझॅसिटी (क्रिस्टलच्या आतल्या रचनेतला विस्कळीतपणा) वाढली आणि एकाला तर डोळ्यांदेखत मधोमध चीर गेली. सगळे एकाच थेंबातले होते हो. नेमकं कुठे चुकतंय?

उत्तर १:
९९ अंदाजाने नका घेऊ. नुसत्या मदर लिकरचा (क्रिस्टल ज्यात वाढले त्या द्रावणाचा) थेंब लूपमध्ये (क्रिस्टल उचलायच्या बारीक फासात) धरा आणि कॅमेऱ्यात व्यास बघत रहा, फुगला तर हवा जास्त दमट, आक्रसला तर कोरडी, जिथे तसाच राहतो तिथून सुरुवात. आणि क्रिस्टलभोवती लिकर किती होतं? ते उरलं तर आधी तेच सुकतं, त्यातला पेग दाट होतो आणि क्रिस्टलला एका बाजूने ओढ बसते. क्रिस्टल मेशवर (बारीक जाळीवर) घेऊन सगळं लिकर टिपून काढा. सेल बरेचदा हळूहळू नाही, एकदम उडी मारून आखडते, प्रोटीन क्रिस्टलवर काम करणारे मॅक्स पेरुट्झ यांना घोड्याच्या हिमोग्लोबिनमध्ये १९४०च्या दशकातच असे टप्पे दिसले होते, त्यामुळे ९६च्या आसपास अर्ध्या टक्क्याने उतरा आणि १५ मिनिटं तरी थांबा. अजून एक, एक क्रिस्टल ह्युमिडिटी न बदलता ठेवून त्यावर तेवढेच शॉट घ्या. न गोठवता रेडिएशन डॅमेज फार पटकन होतो आणि तोही मोझॅसिटी वाढवतो.

मूळ प्रश्नकर्ती:
आत्ताच माउंट करतानाचे फोटो उघडून बघितले. पहिला क्रिस्टल लूपमध्ये जवळजवळ कोरडा होता, बाकी तिघांभोवती लिकरचा जाड थर आहे, हे तेव्हा लक्षातच आलं नाही. खूप खूप आभार! मेश मागवते, थेंबाचा व्यास उद्या सकाळीच बघते आणि आकडे इथेच टाकते.