गोल्ड स्पॉट आणि संत्र्यांचे नागपूर

गोल्ड स्पॉट हे संत्र्याच्या स्वादाचे शीतपेय लोकांना नकोसे झाले म्हणून बंद पडले, हे मत मला पटत नाही. १९९३ मध्ये पार्लेने थम्स अप, लिम्का, माझा आणि सिट्रा यांच्याबरोबर गोल्ड स्पॉटही कोका-कोलाला विकले. त्या कंपनीजवळ संत्र्याच्या स्वादाचा स्वतःचा फँटा आधीच असल्यामुळे एकाच चवीची दोन पेये सांभाळण्यापेक्षा गोल्ड स्पॉट मागे घेणे तिला सोयीचे होते. थम्स अप मात्र टिकले, कारण त्याची मागणी मोडणे कंपनीलाही जमले नाही.

संत्र्यांच्या नागपुरात संत्र्याचा रस नसलेले हे पेय कोण पीत असेल, असे बाहेरच्यांना वाटते. पण आंबिया बहाराची (हिवाळा सरताना येणाऱ्या फुलोऱ्याची) संत्री पुढच्या हिवाळ्यात येतात आणि मृग बहाराची (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची) फेब्रुवारी-मार्चमध्ये. नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, तापतो तेव्हा बाजारात चांगले संत्रे औषधालाही सापडत नाही. अशा वेळी बर्डीवरच्या (नागपूरच्या सीताबर्डी बाजारातल्या) दुकानात बर्फाच्या पाण्यात बुडवलेली बाटली दुकानदार फडक्याने पुसून, सुतळीला बांधलेल्या ओपनरने उघडून देत असे. बाटली तिथेच परत करायची असल्याने आम्ही दोघे भाऊ शेवटचा घोट मुद्दाम लांबवत असू. त्या चवीला संत्रे म्हणणे धाडसाचेच होते (आमचे आजोबा तिला ‘रंगीत साखर’ म्हणत), पण जिभेवर उरणारा तो केशरी रंग घरी आरशात पाहिल्याशिवाय आमची दुपार पुरी होत नसे.