'पोराय्मोस'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: नाझींनी केलेल्या रोमांच्या (युरोपातल्या, 'जिप्सी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या समाजाच्या) कत्तलीसाठी 'पोराय्मोस', 'सामुदारिपेन' आणि 'काली त्राश' असे तीन शब्द दिसतात. मराठीत 'जिप्सी हत्याकांड' चालेल का? आणि 'काली त्राश' म्हणजे 'काळा त्रास'च ना?

— 'काळा त्रास' नको. रोमानीतला (रोमांच्या भाषेतला) 'त्राश' आणि आपला 'त्रास' सख्खे भाऊ, दोघांचं मूळ संस्कृत 'त्रास' म्हणजे भय. रोमानीने भय जपलं. आपला त्रास झिजत झिजत शेजाऱ्यांच्या टीव्हीच्या आवाजापर्यंत आला. शिवाय 'काली' म्हटलंय, म्हणजे रोमानीत त्राश स्त्रीलिंगी. तेव्हा सरळ 'काळी भीती' करा, लिंगही जुळतं.

— 'सामुदारिपेन'ची फोड: सा (सगळे) + मुदारिपेन (ठार मारणं). शेवटचं 'पेन' म्हणजे आपल्या 'मोठेपण'मधलं 'पण'च. 'पोराय्मोस'चा अर्थ गिळून टाकणं. तो रोमा भाषातज्ज्ञ इअन हॅनकॉक यांनी रुळवला, पण काही बोलींत त्याला बलात्काराची छटा आहे, म्हणून बरेच रोमा कार्यकर्ते तो टाळतात. मूळ लेखक वापरत असेल तर ठेवा, स्वतःहून घालू नका.

— 'जिप्सी' अवतरणातच. हे लोक इजिप्तचे, या युरोपीय गैरसमजातून तो आला. जर्मन 'त्सिगॉयनर' तर शिवीच्या जवळचा. रोमन लिपीत त्याचं पहिलं अक्षर 'झेड', तेच आउश्वित्सच्या नाझी छावणीत या कैद्यांच्या हातावर क्रमांकाआधी गोंदत. 'रोमा आणि सिंती' लिहा (सिंती ही जर्मन भाषिक प्रदेशातली रोमांची शाखा). एकटा माणूस 'रोम', अनेक 'रोमा'. 'एक रोमा' खटकतं.

— 'भटके' हा त्याहून फसवा पर्याय. महाराष्ट्रात 'भटके-विमुक्त' ही सरकारी वर्गवारी आहे, वाचक तिकडे जाईल. शिवाय जर्मनीतली बरीच सिंती कुटुंबं घरदार करून स्थायिक होती. नाझी वंशसंशोधक रॉबर्ट रिटरच्या माणसांनी त्यांच्या वंशावळी काढल्या, नव्वद टक्क्यांहून अधिकांना 'मिश्र' ठरवलं आणि मिश्र तेच जास्त धोक्याचे असं सांगितलं. निकष रक्ताचा होता, फिरण्याचा नव्हे. पण १९५६ साली पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९४३ पूर्वीची, म्हणजे आउश्वित्सला रवानगी सुरू होण्याआधीची हद्दपारी वांशिक मानली नाही, 'सुरक्षेचा उपाय' मानली. भरपाईचे दावे त्यावर अडले. वांशिक कारणाने झालेला वंशसंहार अशी सरकारी कबुली चान्सलर हेल्मुट श्मिट यांनी दिली ती १९८२ मध्ये. 'भटके' लिहिलं की नकळत १९५६ची बाजू घेतली जाते.

— 'हत्याकांड' एका घटनेला शोभतं. २ ऑगस्ट १९४४च्या रात्री आउश्वित्सच्याच बिर्केनाऊ छावणीत, रोमांना ठेवलेल्या बी-दोन-ई विभागातल्या सुमारे ४,३०० जणांना विषारी वायूने मारलं, ते हत्याकांड. त्या विभागात एकूण सुमारे २३,००० आणले होते, त्यांतले सुमारे २१,००० मेले. सगळ्या युरोपभरच्या प्रकाराला 'वंशसंहार'. 'नरसंहार'मध्ये वंश हे कारणच गळतं.

— लिहिताना एक: रोमन लिपीतला 'जे' रोमानीत 'य' आहे. 'पोराजमोस' छापलेलं दिसलं तर दुरुस्त करा.