इंग्लंडात साउथ आफ्रिकेची झाडं हिवाळ्यात जगवायची कशी?

रेडिंगकर:
नमस्कार मंडळी, रेडिंगला राहतो, मागचं गार्डन साउथ फेसिंग आहे पण माती म्हणजे नुसती चिकणमाती. २०२२ च्या उन्हाळ्यात पारा ४० ला टेकला, वर होसपाइप बॅन (नळीने बागेला पाणी घालायला बंदी), लॉन पार करपलं, तेव्हापासून डोक्यात होतं की कमी पाण्यावर तगणारं काहीतरी लावायचं. गेल्या वर्षी अगॅपँथस, रेड हॉट पोकर आणि टुलबागिया ही साउथ आफ्रिकेची फुलझाडं आणली, उन्हाळाभर मस्त फुलली, पण फेब्रुवारीत बघतो तर अगॅपँथसचा बुडखा लिबलिबीत आणि टुलबागिया गायबच. फ्लीस (थंडीत झाडांवर पांघरायचं पातळ कापड) पण घातलं होतं हो! पुन्हा आणू की नाद सोडू?

हॅरोची माळीण:
थंडीने नाही, ओलीने गेले ते. फ्लीसखाली ओल अजून कोंडते. हिवाळ्यात अगॅपँथसची पानं हिरवी होती का झडली होती? हिरवी राहणारी प्रीकॉक्स जात थंडीला नाजूक, ती कुंडीत लावा आणि नोव्हेंबरात शेडमध्ये घ्या. पानं झडणारी कँपॅन्युलेटस जात साउथ आफ्रिकेतल्या ड्रॅकन्सबर्ग डोंगरांकडची, तिकडे पाऊस उन्हाळ्यात आणि हिवाळा कोरडा, म्हणजे गारठा तिला माहितीये पण गारठ्यात पाणी नाही, आणि आपल्याकडे नेमकं तेच असतं ना. जमिनीत अगॅपँथसचे हेडबर्न हायब्रिड लावा, ते हॅम्पशरमध्येच तयार झालेत. लावायचे एप्रिल-मे मध्ये, ऑटम सेलला भुलू नका. आणि कुंडीतल्यांचं पाणी ऑगस्टमध्ये तोडू नका, पुढच्या वर्षीचे कळे तेव्हाच आत धरतात.

एसेक्सवाला:
+१. फक्त चिकणमातीत खड्डा खणून त्यात खडी भरू नका, त्याची विहीर होते, आजूबाजूचं सगळं पाणी तिथेच येऊन बसतं. जमिनीच्या वर फूटभर उंच वाफा करा, मातीत भरपूर ग्रिट (जाड रेती) मिसळा, शेणखत नको. आमच्याकडे प्रसिद्ध बागकामतज्ज्ञ बेथ चॅटो यांचं ग्रॅव्हल गार्डन (खडीतली बाग) आहे, जुन्या कार पार्कच्या जागेवर केलेलं, त्याला पाणी घालतच नाहीत, जाऊन बघाच, पण तिथली जमीन मुळातच रेताड आहे त्यामुळे जशीच्या तशी कॉपी रेडिंगला चालणार नाही. पोकरची पानं हिवाळ्यात कापू नका, वर गोळा करून सैल बांधा म्हणजे मधे पाणी साचत नाही. आणि ‘कमी पाण्याची झाडं’ असली तरी पहिल्या उन्हाळ्यात पाणी घालावंच लागतं, हे लेबलवर कोणी लिहीत नाही 😅

मेलबर्नकर:
तुम्ही पैसे देऊन अगॅपँथस आणता?? 😂 इथे व्हिक्टोरियात ते रस्त्याकडेला तण म्हणून माजलंय, फुलं सुकली की बी पडायच्या आत दांडे छाटत बसतो आम्ही.

रेडिंगकर:
@हॅरोची माळीण पानं हिरवीच होती, म्हणजे प्रीकॉक्सच असणार. उंच वाफा करतो. टुलबागियाचं काय पण?

हॅरोची माळीण:
मे पर्यंत ती जागा उकरू नका, कधीकधी खालून फुटतो. नवीन आणलात तर कुंडीतच ठेवा, पण घरात नको, लसणाचा वास मारतो.