पर्यायी वनीकरणाने सह्याद्रीतील जंगलाची भरपाई होते का?

टेकडीकर (कोथरूड)
वनजमीन दुसऱ्या कामाला देताना पर्यायी वनीकरणाची, म्हणजे बदल्यात दुसरीकडे झाडे लावण्याची, अट घातली जाते आणि रोपांची संख्या जुळली की भरपाई झाली, असे आपण समजतो. भीमाशंकरसारख्या सदाहरित आणि निमसदाहरित जंगलाच्या बाबतीत ही समजूत मला पूर्णपणे चुकीची वाटते. उंबर-वडाच्या कुळातील बहुतेक जातींचे परागीभवन त्या त्या जातीशी बांधलेली केंबरेच (फळात दिसणारे बारीक कीटक) करतात. इतर फळे नसतात त्या दिवसांत धनेश, हरियाल आणि वटवाघळे याच झाडांवर तग धरतात, आणि पुढे हेच प्राणी जंगलभर इतर झाडांच्या बिया पेरतात. शेकरूला तर फांदीला फांदी भिडलेले सलग छत लागते. हे नाते कोणत्या रोपवाटिकेत मिळणार?

हिरवाई (औंध)
आपले वर्णन मान्य आहे, निष्कर्ष नाही. धरणे आणि रस्ते होणारच आहेत. अट काढली तर जमीनही जाईल आणि वनीकरणासाठी मिळणारा निधीही. शिवाय उष्णकटिबंधीय जंगल इतके हतबल नसते. अमेरिका खंडात शेती सोडून दिलेल्या जमिनींवर झाडांच्या जातींची संख्या काही दशकांतच बऱ्याच अंशी पूर्ववत झाल्याचे अभ्यास सांगतात.

टेकडीकर
ते जंगल आपोआप उगवलेले आहे, खड्डे खणून लावलेले नाही. त्याच अभ्यासांनुसार जातींची संख्या लवकर भरून आली, तरी मूळ जंगलातल्याच जाती त्याच प्रमाणात परतायला शतके लागतात. बी पुरवणारे जुने जंगल जवळ नसेल, तर तेही कठीणच. जॅन्झेन आणि कॉनेल या परिसंस्था-अभ्यासकांनी 1970-71 मध्ये मांडले होते की, मातृवृक्षाजवळ त्याच्याच जातीवर जगणारे किडे आणि बुरशी रोपांना मारतात, म्हणून तेथे दुसऱ्या जातींना वाव मिळतो. एकाच जातीच्या रांगांमध्ये हे कसे घडावे? पुण्याच्या टेकड्यांवर मध्य अमेरिकेतून आलेली उंदीरमारीची (ग्लिरिसिडिया) झाडे आपण भरमसाट लावली. मुळात त्या जागा गवताच्या आणि पानझडी झुडपांच्या होत्या, हे ध्यानातच घेतले नाही.

देवराईप्रेमी (भोर)
दोघांनाही विचारतो, निधी रोपांवरच का खर्चावा? माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात आपल्या भागातील देवरायांचा अभ्यास केला. त्या देवरायांभोवतीची जमीन चराई आणि वणव्यापासून राखली, तर बी तेथूनच येईल.

हिरवाई
ही सूचना मला पटते. मात्र सगळीकडे देवराई नाही, म्हणून उघड्या पडलेल्या उतारांवर स्थानिक जातींची लागवड थांबवू नये, या मतावर मी ठाम आहे.

टेकडीकर
स्थानिक जातींच्या लागवडीला माझा विरोध नाही. तिच्या आकड्यावर भीमाशंकरची तोड मंजूर करण्याला आहे.