मदत हवी आहे: लोह-प्लॅटिनम फिल्ममध्ये ताणाचा आणि क्रमाचा परिणाम वेगळा कसा काढायचा?

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात लोह-प्लॅटिनमच्या २० नॅनोमीटर फिल्मवर काम चालू आहे. सबस्ट्रेट (फिल्मखालचा आधार) मॅग्नेशियम ऑक्साइड (००१), स्पटरिंग (आयनांच्या माऱ्याने अणू उडवून फिल्म बसवणं) ५५० अंश सेल्सिअसला; कंसातले असे आकडे स्फटिकाच्या प्रतलांचे. सी/ए (स्फटिकाच्या एका घराची उभी बाजू सी भागिले आडवी बाजू ए) ०.९६ च्या आसपास हवा, येतोय ०.९७. एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनात) २४ अंशांजवळचं (००१) शिखर बुटकं आहे आणि (००२) हे ४९ ऐवजी ४८.६ ला.

सबस्ट्रेटची लॅटिस (अणूंच्या जाळीतलं आडवं अंतर) ४.२१ अँगस्ट्रॉम, फिल्मची ३.८५. एवढ्या तफावतीत ए ताणला जाऊन सी दबायला हवा. इथे उलटंच, सी मोठा येतोय, म्हणजे अणूंचा क्रम (लोह आणि प्लॅटिनमचे थर आलटून पालटून लागणं) अर्धवट राहिलाय असं वाटतं. तापमान फार वाढवलं की फिल्म तुटून बेटं होतात.

व्हीएसएमच्या (चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्राच्या) आकड्यातून सबस्ट्रेटचा प्रतिचुंबकीय उतार वजा केलाय, फिल्मच्या चपट्या आकारामुळे येणारा वाटाही धरलाय. जुलैच्या दमट हवेत डबी उघडी राहिली की सबस्ट्रेट दुधाळ होतो, तेव्हा चेंबरमध्ये ६०० अंशांवर तासभर तापवूनच घेतो.

जाडी बदलली की ताण आणि क्रम दोन्ही हलतात. मग तेवढाच क्रम राखून स्ट्रॉन्शियम टायटनेटवर (३.९०५) फिल्म घेऊन तुलना केली तर चालेल का? ए साठी (१११) ची कलती मोजणी पुरते, की (२०२) सुद्धा घ्यावी? कुणी केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.